इलेक्ट्रॉनचें बिऱ्हाड

साखर पाण्यांत विरघळते, मीठ विरघळतें, तुरटीहि विरघळते. पदार्थ विरघळला म्हणजे नाहींसा झाला असें नव्हे. त्याचे सूक्ष्म कण द्रवाच्या रेणूंमध्यें शिरून तेथें आपापली जागा करून घेतात, एवढाच त्याचा अर्थ. ही गोष्ट शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. परंतु साखर नव्हे, मीठ नव्हे, तर नुसती वीज, म्हणजे विजेचा मूळ कण जो इलेक्ट्रॉन तो, एखाद्या द्रवांत विरघळूं शकेल काय? आणि विरघळलाच, तर तो तेथें किती जागा अडवील?

प्रश्न पहिल्यानें ऐकणारास चमत्कारिक वाटेल. इलेक्ट्रॉनचें वजन हायड्रोजनच्या परमाणूच्या सुमारें १,८३७ व्या हिश्श्याइतकें. हत्तींच्या कळपांत मुंगी शिरली तर ती कितीशी जागा अडवणार, असेंच कोणीहि म्हणेल. परंतु निसर्गाचें उत्तर अगदीं निराळें आहे. पाण्यांत विरघळलेला इलेक्ट्रॉन पाण्याच्या एका अख्ख्या रेणूपेक्षां अधिक जागा घेऊन बसतो आणि द्रवरूप अमोनियांत तर तो तीन-चार रेणूंची जागा एकटा अडवतो. या अदृश्य भाडेकरूचें बिऱ्हाड केवढें, हें मोजण्यास फूटपट्टी किंवा सूक्ष्मदर्शक कांहींच उपयोगी पडत नाहीं. तें मोजलें गेलें दाबानें. त्या मोजणींत विद्वानांचा एक पिढीभर अंदाज कसा चुकला आणि तो पुढें कसा सुधारला, ही हकीकत श्रोत्यांना मनोरंजक वाटेल.

सोडियमचा तुकडा पाण्यांत टाकला तर तो पाण्यावर धांवूं लागतो, तडतडतो, प्रसंगीं पेटहि घेतो. हा प्रयोग रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानें दुरून तरी पाहिलेला असतो. अमोनिया वायु उणे ३३ अंशांपर्यंत थंड केला म्हणजे त्याचा पाण्यासारखा स्वच्छ द्रव बनतो. सोडियमचा तोच तुकडा या द्रवांत टाकला तर गडबड कांहींच होत नाहीं. धातूपासून निळ्या रंगाचे धागे निघून चोहोंकडे पसरूं लागतात आणि थोड्याच वेळांत सारा द्रव गडद निळा होतो. जणूं कोणीं कपड्यांची नीळच त्यांत कालवली.

हा निळा रंग प्रथम कोणीं पाहिला, याची गोष्ट मोठी मौजेची आहे. पोटॅशियम धातु शोधून काढणारा इंग्रज रसायनज्ञ सर हंफ्री डेव्ही यानें १८०८ सालीं पोटॅशियम अमोनिया वायूंत तापवलें असतां तें सुंदर निळें झाल्याचें आपल्या वहींत टिपून ठेवलें होतें. परंतु तें त्यानें प्रसिद्ध केलें नाहीं. पुढें छप्पन्न वर्षांनीं, १८६४ सालीं, जर्मनींत वाइल यानें हाच शोध स्वतंत्रपणें लावून छापला. तथापि रंगाचें कारण दोघांनाहि उमगणें शक्य नव्हतें, कारण इलेक्ट्रॉनचाच शोध १८९७ सालचा. १९०७-०८ च्या सुमारास अमेरिकेंत चार्ल्स क्राउस यानें या निळ्या द्रावणांतून वीज कशी वाहते तें बारकाईनें मोजलें आणि असा निष्कर्ष काढला, कीं धातूचा प्रत्येक परमाणु अमोनियांत आपला एक इलेक्ट्रॉन सोडून देतो आणि अमोनियाचे रेणु त्या इलेक्ट्रॉनभोवतीं जमा होतात. सोडियम घ्या, पोटॅशियम घ्या कीं लिथियम घ्या, विरळ द्रावणाचा निळा रंग एकच. धातु निराळे असून रंग एकच, तेव्हां तो धातूचा नव्हे, सर्वांत समान असलेल्या इलेक्ट्रॉनचाच असला पाहिजे. १९१८ सालीं गिब्सन आणि आर्गो यांनीं त्यास ‘सॉल्व्हेटेड इलेक्ट्रॉन’ असें नांव दिलें. मराठींत त्यास ‘द्रवावृत इलेक्ट्रॉन’, म्हणजे द्रवानें वेढलेला इलेक्ट्रॉन, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां याच द्रावणाची दुसरी करामत पाहावी. लिथियम हा सर्व धातूंत हलका. पाण्याची घनता एक धरली तर त्याची ०.५३. द्रवरूप अमोनियाची घनता ०.६८. हे दोन पदार्थ एकत्र केले तर मिश्रणाची घनता या दोन आंकड्यांच्या मधें कोठें तरी यावी, हा साधा हिशेब. परंतु अमोनियांत लिथियम मावेल तेवढें विरघळवलें असतां त्या द्रावणाची घनता ०.४८ च्या आसपास भरते. दोन जिन्नस एकत्र केले आणि मिश्रण दोहोंपेक्षांहि हलकें झालें! दुधांत साखर घालावी आणि पेला उतूं जावा, असा हा प्रकार. वजन तर कोठून कमी झालेलें नाहीं. तेव्हां आकारमान वाढलें, एवढेंच म्हणतां येतें. म्हणजे द्रवाच्या आंत कोणीं तरी रिकामी जागा निर्माण केली. ती इलेक्ट्रॉननें केली. १९४६ सालीं ऑग या शास्त्रज्ञानें ही कल्पना स्पष्ट मांडली, कीं इलेक्ट्रॉन द्रवांत एक पोकळी पाडतो आणि तींत राहतो. अमोनियांतील या पोकळीची त्रिज्या तीन ते साडेतीन अँग्स्ट्रॉम मानतात. एक अँग्स्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटींवा भाग.

परंतु एवढ्याशा कणाला पोकळी पाडण्याचें प्रयोजन काय? याचें उत्तर विसाव्या शतकांतील नव्या पदार्थविज्ञानांत सांपडतें. इलेक्ट्रॉन हा गोटीसारखा टणक कण नाहीं. तो लाटेसारखाहि वागतो. लाटेला पसरायला जागा हवी. तिला कोंडावें तों तों ती अधिक खवळते, म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढते. शिवाय द्रवाच्या रेणूंतील इलेक्ट्रॉनांच्या जागा आधींच भरलेल्या असतात आणि या परक्या पाहुण्यास ते आंत शिरकाव करूं देत नाहींत. म्हणून तो रेणूंना थोडे बाजूस सारून मधें आपली खोली करतो. उलटपक्षीं पाणी आणि अमोनिया यांच्या रेणूंत विजेचे दोन ध्रुव असतात. त्यांच्या हायड्रोजनकडील धन टोंकें ऋण इलेक्ट्रॉनकडे वळतात आणि त्यास धरून ठेवतात. दाराबाहेर ढकलणें आणि हात धरून आंत बसवणें, अशा या दोन उलट ओढींमधून इलेक्ट्रॉनच्या बिऱ्हाडाचा आकार ठरतो.

हें चित्र सर्वांत स्वच्छ दिसतें तें द्रवरूप हेलियममध्यें. उणे २६९ अंशांखालीं द्रव होणारा हा पदार्थ विजेच्या बाबतींत अगदीं उदासीन. इलेक्ट्रॉनला तो जवळ ओढीत नाहीं, उलट दूरच लोटतो. त्यामुळें तेथें इलेक्ट्रॉनभोवतीं एक प्रचंड बुडबुडा तयार होतो. त्याची त्रिज्या सुमारें १९ अँग्स्ट्रॉम, म्हणजे ज्या जागेंत हेलियमचे सुमारें सहाशें परमाणु मावले असते, त्या जागेंत एकच इलेक्ट्रॉन नांदत असतो. या हेलियमवर दाब वाढवीत नेला तर बुडबुडा आकसूं लागतो. हवेच्या दाबाच्या पंचवीस पट दाबाला, म्हणजे हेलियम गोठून घन होण्याच्या सुमारास, त्रिज्या अकरा-बारा अँग्स्ट्रॉमवर येते. आकारमान जवळजवळ चतुर्थांश होतें. १९९० च्या सुमारास ग्राइम्स आणि ॲडॅम्स यांनीं या बुडबुड्यांतील इलेक्ट्रॉन कोणते अवरक्त किरण शोषून घेतो तें मोजलें, तेव्हां दाब वाढतांना शोषण अधिक ऊर्जेच्या किरणांकडे सरकल्याचें दिसलें. सतारीच्या तारेवर बोट ठेवून तार आंखूड केली म्हणजे स्वर चढतो. खोली लहान झाली म्हणजे इलेक्ट्रॉनचाहि ‘स्वर’ चढतो. दाबाखालील इलेक्ट्रॉनचें सारें शास्त्र या एका दृष्टांतांत सांठवलेलें आहे, असें म्हटलें तरी चालेल. मात्र हेलियममध्यें गोष्ट जितकी सरळ, तितकीच पाण्यांत ती अवघड झाली.

पाण्यांत इलेक्ट्रॉन टिकतो कोठें? सोडियम पाण्यांत टाकतांच स्फोट होतो तो यामुळेंच. तरीहि पाण्यावर क्ष-किरण किंवा वेगवान कणांचा मारा केला तर पाण्याच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते क्षणभर तरी पाण्यांत वस्तीस राहत असले पाहिजेत, असें भाकीत प्लॅट्झमन यानें १९५३ सालीं केलें होतें. तें १९६२ सालीं खरें ठरलें. अमेरिकेंतील एडविन हार्ट आणि इंग्लंडमधील जॅक बोग यांनीं पाण्यावर इलेक्ट्रॉनांचा अत्यंत अल्पकालिक झोत सोडला आणि त्याच क्षणीं पाण्यांतून प्रकाश पाठवून त्याचा वर्णपट घेतला. एरव्हीं स्वच्छ असणारें पाणी क्षणमात्र तांबडा प्रकाश गिळतांना आढळलें. हें शोषण ७२० नॅनोमीटरच्या आसपास, तांबड्या रंगाच्या कडेला, सर्वांत तीव्र असतें. म्हणजे पाण्यांतील इलेक्ट्रॉनचा रंगहि निळाच. फक्त तो डोळ्यांस दिसण्यापूर्वींच नाहींसा होतो. अतिशय शुद्ध पाण्यांतहि त्याचें आयुष्य सेकंदाच्या हजाराव्या भागापलीकडे जात नाहीं.

अशा क्षणभंगुर पाहुण्याच्या खोलीचें मोजमाप घ्यावयाचें कसें? येथें जुना, साधा आणि भरंवशाचा एक नियम मदतीस येतो. १८८४ सालीं फ्रेंच रसायनज्ञ ल शातलिए यानें असें सांगितलें, कीं समतोल असलेल्या पदार्थांवर बाहेरून ताण आणला तर समतोल असा ढळतो, कीं तो ताण कमी व्हावा. दाब हा ताण धरला तर त्याचा अर्थ असा होतो: ज्या बदलानें एकंदर जागा कमी लागते त्यास दाब उत्तेजन देतो आणि ज्या बदलानें जागा अधिक लागते त्यास तो अडवतो. म्हणून एखादी क्रिया दाबाखालीं किती पुढें सरकली किंवा मागें हटली हें मोजलें, तर तींत किती घन सेंटीमीटर जागा कमी-जास्त झाली याचा हिशेब कागदावर मांडतां येतो. आगगाडीच्या डब्यांत गर्दी वाढली म्हणजे कोण किती ऐसपैस बसला होता हें आपोआप उघडकीस येतें. दाबाचें कामहि तसेंच.

हा दाब थोडाथोडका नव्हे. द्रव सहजासहजीं दबत नाहींत; हवेच्या दाबाच्या हजार पट दाबालासुद्धां पाण्याचें आकारमान शेंकडा चार-साडेचारच कमी होतें. प्रचंड दाब सांभाळण्याची विद्या हार्वर्ड विद्यापीठांतील पर्सी ब्रिजमन यानें जन्मभर खपून सिद्ध केली आणि त्याबद्दल त्यास १९४६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढील संशोधकांनीं जाड पोलादी पात्रांना नीलमण्याच्या खिडक्या बसवल्या. नीलमणि कठीण आणि पारदर्शकहि. तेव्हां आंतील द्रवावर हजारों पट दाब असतांहि खिडकीबाहेरून त्याचा रंग पाहतां येतो.

अशा पात्रांत १९७१ च्या सुमारास अमेरिकेंत हेंट्झ, फरहतअझीझ आणि हॅन्सन यांनीं हवेच्या दाबाच्या सहा हजारांहून अधिक पट दाबापर्यंत पाण्यांतील इलेक्ट्रॉनचा वर्णपट मोजला. परिणाम अपेक्षेप्रमाणेंच आला. दाब वाढला तसें शोषण तांबड्याकडून निळ्याच्या दिशेनें, म्हणजे अधिक ऊर्जेकडे सरकलें, स्वर चढला. पाणी तापवलें तर शोषण याच्या उलट, अवरक्ताकडे, सरकतें. कारण तापलेलें पाणी सैल होतें आणि खोलीहि ऐसपैस होते. अमोनियांत आणि अल्कोहोलांतहि दाबानें शोषण अधिक ऊर्जेकडेच सरकतें. येथपर्यंत सारें जुळलें.

परंतु याच मंडळींनीं दुसरा प्रश्न हातीं घेतला, कीं पाण्यांत या इलेक्ट्रॉनला नेमकी किती जागा लागते? त्यांनीं इलेक्ट्रॉनच्या निरनिराळ्या रासायनिक क्रियांचे वेग दाबाखालीं मोजले आणि त्यांवरून हिशेब मांडला. उत्तर आलें जवळजवळ शून्य! सहा फुटी माणसानें खोली भाड्यानें घ्यावी आणि मोजणी करणाऱ्यानें ती खोलीच नाहीं म्हणून सांगावें, तसें हें झालें. मग अमोनियांतील मोठ्या पोकळीचें काय? याचें समाधान असें दिलें जाई, कीं पाण्यांत पोकळी असेलहि. परंतु इलेक्ट्रॉनच्या विद्युत्भारामुळें भोवतालचें पाणी जवळ ओढलें जाऊन घट्ट होतें. पोकळीमुळें जितकी जागा वाढली तितकीच या आकसण्यानें कमी झाली आणि जमाखर्च शून्यावर आला. स्पष्टीकरण सुंदर होतें आणि तें तीसहून अधिक वर्षें मान्य राहिलें.

दोष होता तो पद्धतींत. क्रियेचा वेग हा केवळ आरंभ आणि शेवट यांवर अवलंबून नसतो. तो मधल्या एका अस्थिर अवस्थेवर अवलंबून असतो. डोंगर ओलांडणाऱ्याच्या गतीवरून खिंडीची उंची कळेल. परंतु त्यावरून अलीकडच्या गांवाची उंची काढावयाची तर खिंडीविषयीं बरेंच कांहीं गृहीत धरावें लागतें. गृहीत चुकलें कीं गांवहि जागचें हलतें.

२००३ सालीं अर्जेंटिनांतील बोर्सारेली, बेर्तोलोत्ती आणि प्रेविताली यांनीं निराळाच मार्ग काढला. त्यांनीं पाण्यांतील क्षारांवर लेसर प्रकाशाचा झटका मारून इलेक्ट्रॉन मोकळे केले आणि त्या क्षणीं पाण्यांत जो सूक्ष्म धक्का, म्हणजे ध्वनीची लाट, उठतो तो ऐकला. पाणी अकस्मात् प्रसरण पावलें तर धक्का एका प्रकारचा, आकसलें तर दुसऱ्या प्रकारचा. त्या आवाजावरून त्यांनीं ठरवलें, कीं इलेक्ट्रॉनांच्या एका ग्रॅम-रेणुसंख्येस पाण्यांत सुमारें २६ घन सेंटीमीटर जागा लागते. इकडे-तिकडे सहा घन सेंटीमीटरची चूकभूल धरावी. पाण्याच्या तितक्याच रेणूंना १८ घन सेंटीमीटर पुरतात. म्हणजे उत्तर शून्य तर नव्हेच, पाण्याच्या रेणूहून मोठें!

यानंतर वाद थांबावा, तों २०१० सालीं अमेरिकेंत लार्सेन, ग्लोव्हर आणि श्वार्ट्झ यांनीं गणकयंत्रावर केलेल्या हिशेबावरून असा पक्ष मांडला, कीं पाण्यांत पोकळी मुळींच नाहीं. इलेक्ट्रॉन पसरतो त्या भागांत पाणी उलट अधिक दाट होतें. आतां हें खरें असेल तर इलेक्ट्रॉन आल्यानें पाण्याचें आकारमान घटलें पाहिजे. पोकळी असेल तर तें वाढलें पाहिजे. दोहोंतलें एकच खरें असणार आणि निवाडा करणार दाब.

तो निवाडा २०१९ सालीं अमेरिकेंतील नोत्र दाम येथील यानिक, लिसोव्हस्काया आणि बार्टेल्स यांनीं केला. त्यांनीं वेगाच्या भानगडींत न पडतां एक समतोल क्रिया निवडली. पाण्यांत अमोनियम हा धन कण असेल तर तो इलेक्ट्रॉनशीं मिळून हायड्रोजनचा परमाणु आणि अमोनिया देतो. आणि हीच क्रिया उलटहि होते. तराजूच्या एका पारड्यांत इलेक्ट्रॉन आणि अमोनियम, दुसऱ्यांत हायड्रोजन आणि अमोनिया. हा तराजू त्यांनीं हवेच्या दाबाच्या दोन हजार पट दाबाखालीं धरला. समतोलांक बदलला केवळ शेंकडा सहा! म्हणजे दोन्ही पारड्यांची एकंदर जागा जवळजवळ सारखीच.

यांत नवल तें काय, असें कोणी म्हणेल. नवल जमाखर्चांत आहे. अमोनियमचा विद्युत्भार गेला म्हणजे भोवतीं आवळलेलें पाणी सैल होतें. म्हणून अमोनियाला अमोनियमपेक्षां बरीच अधिक जागा लागते आणि ती किती हें पूर्वींच मोजलेलें आहे. एका बाजूस इतकी वाढ होऊनहि एकूण बेरीज हलली नाहीं, तर दुसऱ्या बाजूस तितकीच घट झाली असली पाहिजे. ती घट इलेक्ट्रॉनचा हायड्रोजन होतांना झाली. हिशेबाअंतीं असें ठरलें, कीं पाण्यांतील इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या अख्ख्या परमाणूपेक्षां सुमारें अकरा घन सेंटीमीटर अधिक जागा घेतो. परमाणूंत तोच इलेक्ट्रॉन असतो आणि शिवाय केंद्रकहि असतें. तरी सडा इलेक्ट्रॉन मोठा. संसारी माणूस एका खोलींत भागवतो आणि एकट्याला मात्र दोन खोल्या लागतात, असाच हा न्याय. अर्जेंटिनांतील आवाजानें सांगितलेला २६ चा आंकडा याच्याशीं जुळला, पोकळीचा पक्ष बळकट झाला आणि जुना शून्याचा अंदाज मागें पडला.

सर्वच द्रव असें उत्तर देतात असें मात्र नव्हे. हेक्सेन हा पेट्रोलच्या जातीचा द्रव घ्यावा. याच्या रेणूंत विजेचे ध्रुव जवळजवळ नसतात, त्यामुळें इलेक्ट्रॉन त्यांत कांहीं वेळ मोकळा धांवतो, कांहीं वेळ एखाद्या जागीं अडकतो आणि पुन्हां सुटतो. दाब वाढवला असतां येथें त्याची चाल मंदावते. म्हणजे अधिक वेळ तो अडकून राहतो. नियमाप्रमाणें याचा अर्थ असा, कीं अडकलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळ्यापेक्षां कमी जागा लागते. कारण हेक्सेन पाण्यापेक्षां सहज दबणारा. एका जागीं स्थिर झालेला विद्युत्भार भोवतालच्या द्रवाला असा ओढून घेतो, कीं पोकळीनें वाढवलेली जागा भरून निघून वर आणखी घट होते. पाण्यांत पोकळी जिंकते, हेक्सेनमध्यें आवळ जिंकते. प्रश्न एकच, विचारणारा दाबहि तोच. परंतु प्रत्येक द्रव आपल्या स्वभावाप्रमाणें उत्तर देतो.

अमोनियाचें उत्तर तर दुहेरी आहे. १९६५ सालीं कर्श्के आणि जॉली यांनीं अमोनियांतील पोटॅशियम अमाइडच्या द्रावणावर हायड्रोजन वायु दाबाखालीं सोडला आणि धातूचा तुकडाहि न घालतां इलेक्ट्रॉन निर्माण केले. येथें हायड्रोजन हा कच्चा माल असल्यामुळें त्याचा दाब वाढवला तर इलेक्ट्रॉन वाढतात. परंतु कच्चा माल तेवढाच ठेवून नुसता द्रव पिळला, तर पोकळीवाल्या मोठ्या इलेक्ट्रॉनची गैरसोय होते आणि समतोल उलट दिशेस झुकतो. जर्मनींत कार्ल्सरूए येथें शिंडेवोल्फ यानें दाबाखालील अमोनियाचा असाच कसून अभ्यास केला. दाब हा शब्द एकच असला तरी त्याचीं कामें दोन असूं शकतात, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां व्यवहारी गृहस्थ विचारील, कीं क्षणभर जगणाऱ्या कणाच्या खोलीसाठीं एवढा खटाटोप कशास? त्यास उत्तर असें, कीं हा कण दूरचा नाहीं. कर्करोग्यावर किरणांचे उपचार होतात तेव्हां शरीरांतील पाण्यांत असेच इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यानंतरच्या रासायनिक घडामोडींत तेहि भागीदार असतात. अणुविद्युत्केंद्रांत तर हे पाणी रात्रंदिवस किरणांच्या माऱ्याखालीं असतें. ठाणें जिल्ह्यांत (आतां पालघर जिल्ह्यांत) तारापूर येथें १९६९ सालीं सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्यांत पाणी हवेच्या दाबाच्या सुमारें सत्तर पट दाबाखालीं उकळतें. दुसऱ्या जातीच्या भट्ट्यांत तें दीडशें पट दाबाखालीं, तीनशें अंशांहून अधिक तापूनहि, द्रवच राहतें. तेथें पाण्याचे रेणु फुटून ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सांचूं लागले तर पोलादी नळ्या गंजतात. म्हणून कित्येक केंद्रांत पाण्यांत मुद्दाम थोडा हायड्रोजन मिसळतात. किती मिसळावा हें ठरवण्यास इलेक्ट्रॉन आणि त्याचे सोबती कोणत्या वेगानें कोणाशीं संयोग पावतात हें कळावें लागतें. आणि तापलेल्या भट्टींत हात घालून मोजतां येत नसल्यामुळें प्रयोगशाळेंतील मापांवरून हिशेब मांडावा लागतो. मूळ चित्रच चुकीचें असेल तर त्यावरचा हिशेब कितपत टिकणार? मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतहि अल्पकालिक झोतानें पाण्यांतील असे कण निर्माण करून त्यांच्या क्रिया अभ्यासल्या जातात, त्याचें एक प्रयोजन हेंच.

या साऱ्या हकीकतींत एक बोध आहे आणि तो केवळ रसायनशास्त्रापुरता नाहीं. ज्यांनीं शून्याचा आंकडा काढला ते संशोधक अनाडी नव्हते. त्यांचीं मापें काळजीपूर्वक घेतलेलीं होतीं आणि वर्णपटाचें त्यांचें काम आजहि आदरानें वाचलें जातें. चूक मापांत नव्हती. मापावरून निष्कर्षाकडे जातांना मधें जें गृहीत धरलें त्यांत ती होती. आणि ती सुधारली ती मोठ्या वादविवादानें नव्हे, तर प्रश्न अधिक चांगल्या रीतीनें विचारल्यानें. डेव्हीनें वहींत टिपलेल्या त्या निळ्या रंगास दोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या रंगामागचा रहिवासी कोण हें कळण्यास त्यांतलीं शंभर वर्षें गेलीं आणि त्याची पाण्यांतली खोली केवढी हें निश्चित होण्यास उरलेलीं शंभर. सृष्टीचें घर मोठें आहे. त्यांतील एका खोलीची मोजणी आतां कोठें नीट झाली, एवढेंच म्हणावयाचें.